घाव भरत आला

कामरगाव,
११ नोव्हेंबर १९७३

दादा, जयभीम.

तुझा पत्ता शालिकरामच्या बायकोनं दिला. तिचा नवरा तुझ्याच खाणीत आहे म्हणते. बल्लारशाची खाण कशी असते रे? मी एकदा त्या टेसनावर उतरलो होतो, पण बाहेर एक दरवेशी अस्वल नाचवून राह्यला होता, ते पाहता पाहता दिवस गेला अन् खाण राहून गेली. असो.

पोळ्याच्या मागून मी घरी आलो. ज्या तंबू-टाकीजवर मी कामाले होतो तिचा पडदा मूर्तिजापुरात वादळानं फाडला, मालकानं हात वर केले. घरचं मले काही मालूम नव्हतं. पाहतो तं अंगणात वैनी चिंध्या वाळू घालून राह्यली. इकडून तिकडून नुसत्या चिंध्या. मी म्हटलं, "काय वैनी, चिंध्यांचं दुकान टाकलं का?" ती हसली नाही. आतून माय ओरडली, "चंपत्या, पाय धुऊन ये. घरात लेकरू आहे."

लेकरू पाहून मी खुश झालो. नाक तुझंच, फुगलेलं. मंग वैनीनं त्याच्या पोटावरचं फडकं सोडलं.

तुले सांगून काय उपयोग, तू तर नागपूरच्या दवाखान्यापर्यंत गेला होता. पण मले कोणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मी काय पाहिलं ते लिहितो. बेंबीच्या डाव्या अंगाले एक लाल तोंड. ओलं, चमकणारं. पोरगा रडला की ते बाहेर फुगते, निजला की आत जाते. वैनी म्हणाली, ते त्याचं आतडं आहे. डॉक्टरनं पोट कापून बाहेर आणून कातडीले शिवलं. त्याची शी तिथूनच येते, कारण खाली वाटच नाही. मी पाहिलं. जिथं वाट पाहिजे तिथं नुसती खळी आहे, गालावर पडते तशी.

डॉक्टरनं तिले सांगितलं ते असं. हे तोंड जन्मभराचं नाही. पोरगा वर्षाचा झाला, अंगानं भरला, की दुसरं ऑपरेशन करून खाली वाट काढतील. ती चालू लागली की तिसरं, तेव्हा पोटावरचं बंद करतील. तोवर पोराले या तोंडावरच जगवायचं आहे. अन् निघताना नर्सबाईनं बजावलं, रोज करंगळीले खोबऱ्याचं तेल लावून या तोंडात घालायची, नाहीतर ते आवळून जाईल.

वैनी रोज घालते. पोरगा असा रडते की शेजारची म्हैस दावं ओढते. कधी थेंबभर रक्तही येते. तेवढा वेळ माय मागच्या दाराशी जाऊन कोंबड्यांले शिव्या देते.

तू वार्डातून चहा आणतो म्हणून उतरला अन् परत आला नाही, हे मले वैनीनं नाही, तिच्या भावानं सांगितलं. काहून गेला ते मी विचारत नाही. डॉक्टरनं तुले विचारलं होतं म्हणे, आधीचं लेकरू कशानं गेलं. एवढंच मले कळलं.

उत्तर दे. नाही दिलं तरी मी लिहीन, मले सध्या दुसरं काम नाही.

चंपत


कामरगाव,
२० जानेवारी १९७४

दादा, जयभीम.

शालिकराम सुटीवर आला होता. माझं पत्र तू घडी करून खिशात ठेवलं म्हणे. चला, पत्ता तरी बरोबर आहे.

तुझ्या पोराचं नाव पडलं. वैनी कापूस वेचाले गेली होती. मायनं डाव साधला. शेजारच्या गोमतीबाईले बोलावलं, पोराले सुपात घातलं अन् उकिरड्यावर नेऊन ठेवलं. गोमतीबाई मोठ्यानं म्हणाली, "अवो बाई, हे लेकरू कोनं फेकलं इथं?" अन् उचललं. मायनं मूठभर ज्वारी देऊन ते तिच्याकडून परत घेतलं. आता ते आपलं नाही, फेकलेलं आहे, त्याले न्यायले कोणी येणार नाही. नाव उकंडा.

वैनी आली, पोराच्या जावळात काडी-कचरा पाहिला अन् सुरू झाली.

"आत्याबाई, दीक्षा घेतली तवा हे सारं सोडलं म्हणता ना तुमी? बावीस प्रतिज्ञा भिंतीवर कायले लावल्या?"

"त्या भिंतीवरच आहेत. म्या पोट्टं उकिरड्यावर ठेवलं, भिंतीवर नाही."

"अन् पोटाच्या तोंडाले घाण लागली असती तं?"

"घाण! आता जशी काय त्यातून अत्तरच येते!"

मी हसलो. वैनीनं तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलताना मी पाहिले. आता तीच त्याले उकंडराव म्हणते, पाटलाले बोलावं तसं. "उकंडराव, उठा, पानी तापलं तुमचं."

हे लिहायचं नव्हतं, दुसरंच लिहायचं होतं.

उकंडा झोपेत हसते. सगळेच लेकरं हसतात, सटवाई हसवते म्हणतात. पण माय म्हणते, सटवाई नाही, मोठा येते. पहिला. मोठा धाकट्यासंगं खेळते, एक दिवस हात धरून घेऊन जाईल. म्हणूनच तिनं उकिरड्याचं केलं. त्यानं येऊन विचारलं तर सांगता यावं, हा तुहा भाऊ नाही बापा, हा फेकलेला आहे.

दादा, पहिला झाला तेव्हा मी घरी होतो, आठवते ना? त्याचं पोट दिवसेंदिवस फुगत गेलं. दूध ओकायचा, मंग हिरवं ओकायचा. माय म्हणाली बाहेरचं लागलं. चौथ्या दिवशी तू त्याले धोतराच्या फडक्यात गुंडाळलं अन् नाल्याजवळच्या बाभळीखाली खड्डा खणला. मी कुदळ धरून उभा होतो. परवा भाकरी करता करता वैनी एकदम म्हणाली, "भाऊजी, त्याले कोनीच पालथं करून पाह्यलं नाही." मी म्हटलं, कोणाले? ती म्हणाली, "या वेळी दाईच्या हातातून घेतल्याबरोबर म्या पालथं केलं. मले कोनी सांगतलं नव्हतं. माह्या हातानंच केलं." अन् भाकर परतली.

त्या बाभळीकडून मी जात नाही. एक-दोनदा गेलो, पण बैल त्या अंगाले गेला होता म्हणून.

चंपत


कामरगाव,
२४ एप्रिल १९७४

दादा, जयभीम!

तोंड गोड कर, मंग पुढं वाच. उकंड्याचा घाव भरत आला.

आधी जयंतीचं सांगतो. यंदा मिरवणुकीत बैलगाडीवर बाबासाहेबांचा फोटो, पुढं कारंज्याचा बँड, अन् बँडवाल्यांत तो क्लॅरोनेटवाला नव्हता का, बुटका, तो मले ओळखून डोळा मारते तर काय! मी त्याच्यासंगं एक महिना अमरावतीले लग्नं वाजवली होती, म्हणजे तो वाजवे, मी बत्ती धरी. वैनीनं उकंड्याले निळी टोपी घातली होती. मी त्याले खांद्यावर घेऊन पूर्ण गाव फिरलो. पोटावर फडकं होतं, पण कोणाले वास आला नाही. आधी बाया पदर नाकाले लावायच्या.

आता घावाचं. फेब्रुवारीत वैनीच्या करंगळीले नखुरडं झालं. बोट भेंडीसारखं सुजलं, पू भरला. ती मायले म्हणाली, "आत्याबाई, तोवर तुमी घाला बोट. तेल लावून." माय हो म्हणाली. पण तिनं एकदाही घातलं नाही. मले हे आत्ता कळलं. माय मले म्हणे, "चंपत्या, कोन्या जखमेत रोज बोट खुपसलं तं ते भरन काय? तुह्या बापानं कुऱ्हाड पायावर मारून घेतली होती, म्या हळद-लोनी भरून भरून बरा केला. तेच करून राह्यली." अन् खरंच, आधी माझा अंगठा जाईल असं तोंड होतं, आता ज्वारीचा दाणा जाईल का नाही. चिंध्याही अर्ध्या लागतात. शी येते ती बारीक, शेवईसारखी. उकंडा सकाळी रडत नाही. अन् पोट कसं धरलं आहे! गोल, तट्ट. गोमतीबाई म्हणते, एवढं बाळसं तर पाटलाच्या नातवाले नाही.

खुश नाही ती एकटी वैनी. तिचं बोट अजून बांधलेलंच आहे. काल तिनं फडकं सोडलं, खूप वेळ पाहत बसली अन् म्हणाली, "आत्याबाई, खाली वाट नाही. वरची बुजली तं शी कोठून येईन?"

माय म्हणाली, "वावरात एक दांड बांधला की पानी दुसऱ्या दांडानं जाते का नाही? वरचं बुजलं की खालचं आपोआप फुटन. तुले चांगलं झालेलं पाह्यवत नाही काय?"

दादा, मले मायचं पटलं. मी उकंड्याले पालथं करून पाहिलं, ती खळी आधीपेक्षा खोल झाल्यासारखी वाटते. वैनीचं आपलं एकच, नागपूरले दाखवू. माय म्हणते खालून फुटलं की दाखवजो, डॉक्टरले भी आनंद होईन. शेवटी बुद्धपौर्णिमेनंतर जायचं ठरलं.

तू ये ना पौर्णिमेले. आता पाहायले भ्यायचं काही नाही.

चंपत


नागपूर,
१५ मे १९७४

दादा,

नागपूर टेसन तू पाहिलं आहे, पण असं नाही पाहिलं. रेल्वेचा संप चालू आहे. रुळावर कुत्रे निजले आहेत. एवढ्या मोठ्या टेसनात एकही शिट्टी नाही. मी तिथं जाऊन बसतो, कारण दवाखान्यात बसवत नाही.

संत्री स्वस्त आहेत.

सांगायचं ते सांगतो. पौर्णिमेले विहारात खीर झाली. वैनीनं उकंड्याले बोटभर चाटवली, ती त्यानं ओकली. आम्ही म्हटलं, खीर जड झाली. दुसऱ्या दिवशी दूध ओकला. तिसऱ्या दिवशी हिरवं. पोटाले हात लावला तर ढोलकी, वरून निळ्या शिरा. पोटावरच्या त्या तोंडातून दोन दिवस काहीच आलं नव्हतं, अन् खाली तर खळी जशीच्या तशी. वैनीनं पोटावर तळहात ठेवला अन् तसाच ठेवून राहिली. मंग म्हणाली, "असंच होतं. त्याचं भी असंच होतं." माय चुलीपाशी होती. तिच्या हातातला पेला खाली पडला नाही की काही नाही. तिनं तो हळूच जमिनीवर ठेवला.

एस.टी.नं कारंज्याले आलो. छोटी गाडी यार्डात थंड उभी. नागपूरची बस सकाळीच गेलेली. मी जिनिंगकडे धावलो. तिथं मदनसिंग कापसाच्या गाठी भरून राह्यला होता, तांड्यावरचा, ज्याच्या ट्रकवर मी क्लीनर होतो. मले पाहून म्हणते, "आला काय रे! मागच्या खेपेले चाक बदलाले सांगतलं, तं सिनेमा पाहाले पळाला. आता कोनता खेळ आहे?" मी मागं बोट दाखवलं, वैनी येत होती. त्यानं लेकराचं पोट पाहिलं. हमालांवर ओरडला, "बस करा, बाकीच्या गाठी उद्या," अन् अर्धा ट्रक भरलेलाच निघाला. वैनी अन् माय केबिनमध्ये, मी गाठींवर. पूर्ण रस्ता मदनसिंगनं हॉर्न वाजवला नाही. लेकराले दचकवायचं नाही म्हणे.

दवाखान्यात डॉक्टरनं पोटावरचं फडकं सोडलं. त्याले ते तोंड सापडेना. हळदीच्या पिवळ्या कातडीत त्यानं बोटानं चाचपून पाहिलं. विचारलं, "बोट घालणं कोणी बंद केलं?"

मायनं खाली पाहिलं. मी मायकडे पाहिलं.

वैनी म्हणाली, "म्या. माह्या बोटाले नखुरडं झालं होतं."

डॉक्टर लय बोलला तिले. शिकलेल्या माणसाचं बोलणं, शिवी नसते पण सालटी निघतात. ती ऐकत उभी राहिली. डॉक्टर म्हणाला, "अहो, ही जखम नव्हती बरी करायला. हीच त्याची वाट होती. तुम्ही ती बुजवली." माय तेव्हा भिंतीले टेकली.

मंग त्याले आत नेलं. रक्त लागलं, माझं जुळलं. जन्मात पहिल्यांदा माझं काही कोणाशी जुळलं. पुन्हा कापून तोंड मोठं केलं आहे. आतडं ताणून पातळ झालं होतं म्हणतात, अजून दोन दिवस निघाले तर जगते का ते सांगू म्हणतात. मी हे वैनीले सांगितलं नाही. तिले आधीच मालूम असावं.

माय नळापाशी बसून राहते. काल मले म्हणाली, "तिनं काहून सांगतलं असं? म्या तं काही म्हतलं नव्हतं तिले." मी म्हटलं, तूच विचार. ती म्हणाली, "विचारलं. म्हणे, आत्याबाई, तुमाले एका लेकराचं ओझं पुरे झालं."

शेजारच्या खाटेवर रिसोडकडची रुपाबाई होती. तिच्या मुलीले हेच होतं, पण तिचं उलट झालं. रडली की आतडं वीतभर बाहेर यायचं, आत जायचं नाही, शेवटी काळं पडलं. आज सकाळी खाट रिकामी. रुपाबाई जाताना उकळून पांढऱ्या केलेल्या चिंध्यांची चळत वैनीच्या पायाशी ठेवून गेली. माय म्हणाली, मेलेल्या लेकराचं कापड लावू नको. वैनीनं पहिल्यांदाच मायकडे सरळ पाहिलं अन् वरची चिंधी उचलून उकंड्याच्या पोटावर ठेवली. दुसरी चिंधी मायनं स्वतः घडी घालून दिली.

दादा, तू ज्या जिन्यानं उतरला तो मी पाहिला. मीही दोनदा उतरलो. खाली एक माणूस पोपटाकडून चिठ्ठी काढून नशीब सांगते. मी पोपटापाशी पोचलो की परत वर येतो.

चंपत


कामरगाव,
२ जुलै १९७४

दादा, जयभीम.

उकंडा जगला. हे वर लिहिलं, म्हणजे तुले खाली शोधत बसायले नको.

पण अंगात काही राहिलं नाही. पाय कंदिलाच्या वातीसारखे. दुसरं ऑपरेशन दिवाळीले होणार होतं, आता पुढच्या वर्षाशिवाय हात लावणार नाही म्हणतात. तोवर हे तोंड उघडं ठेवायचं आहे. ते रोज बुजायले पाहते. एक दिवस सोडला तर दुसऱ्या दिवशी बोटाले कळते. कोणाच्याही शरीरानं भोक राहू देऊ नये, असाच त्याचा स्वभाव आहे, त्यात त्याची चूक नाही. मायचीही नव्हती.

वैनीचं नख वाकडं आलं. डॉक्टरनं तिचा हात पाहून सांगितलं, या बोटानं आत चरा पडेल. माय म्हणाली, मी करते. बसली, तेल लावलं, हात एवढा थरथरला की तेल उकंड्याच्या छातीवर सांडलं. आता माय त्याचे पाय धरते. मागच्या दाराशी जात नाही. डोळे मिटत नाही. तो रडते तेव्हा ती एकटक त्या तोंडाकडे पाहत असते अन् पुटपुटते. काय म्हणते ते मले आधी कळत नव्हतं. ती म्हणते, "झालं माह्या राजा, झालं, तुहं झालं की त्याचं." कोणाचं ते मी विचारलं नाही. दादा, कधी मलेही वाटते की मांडीवर एकच लेकरू आहे, अन् खोलीत दोघं रडून राह्यले.

तर बोट माझं आहे. दवाखान्यात नर्सबाईनं माझीच करंगळी धरून शिकवलं. मदनसिंग दोनदा बोलवायले आला. कलकत्त्याची खेप आहे म्हणे, हावड्याचा पूल दाखवतो. तो पूल पाहायची मले लहानपणापासून हौस. मी म्हटलं, थांब. तो म्हणाला, "तू अन् थांबतो? ताप आला काय रे तुले?" अन् गेला.

घरात दुसरं धड बोट नाही. म्हणून तुले लिहितो. नुसतं ये म्हणून लिहीत नाही, ते आधीच लिहून झालं. वैनी तुझं नाव काढत नाही. पण मी तुले पत्र लिहायले बसलो की कंदील माझ्याकडे सरकवते. हे खरं काम कसं आहे ते ऐक, म्हणजे खाणीत बसून जे वाटते त्यापेक्षा कमी भीती वाटेल.

सकाळी दूध पाजायच्या आधी करायचं. तेल कोमट पाहिजे. वैनी चिंधी सोडते, माय पाय धरते. आधी भोवतीची कातडी तेलानं पुसून घ्यायची, ती लाल असते, झोंबते त्याले. मंग करंगळी तोंडावर नुसती टेकवायची अन् थांबायचं. घाई करायची नाही. तो श्वास घेते, सोडते, सोडला की थोडं आत. जोर द्यायचा नाही. जोर दिला की ते आवळते. अर्ध्या पेराशी एक कडं लागते, तिथंच तू हात मागे घेशील, मीही घेतला होता. घ्यायचा नाही. तिथं थांबायचं. आत ऊन-ऊन असते, दादा. वासराच्या तोंडात बोट दिलं की कसं धरते, तसं ते बोट धरते. तो रडून राह्यला असते, अन् आतून बोट धरून असते. थोड्या वेळानं कडं ढिलं होते. आपल्याले कळते. मंग हळूच काढायचं. तो हुंदके देत आपल्या चेहऱ्याकडे पाहत राहते, राग नाही, काही नाही.

चार-पाच दिवसांत येऊन जाईल तुले. मी बाजूले बसेन.

येशील तर नखं काढून ये.

चंपत